पथारीवर वाळवलेली वाळू

आमच्या घरात अक्कल मोजायची वेळ आली की माझा नंबर शेवटून पहिला लागतो, आणि हा मान मी वाळूवर कमावला आहे. लग्नकार्यात जेवणं उरकली, सुपारी फुटली, की कोणी तरी मेहुणा म्हणतोच, "ती रेतीनी गोट सांगा ना." मी सांगतो. बायको मधूनमधून चुका काढते. इथे तिच्या दुरुस्त्या धरूनच लिहितो आहे, म्हणजे निदान एवढं तरी धड होईल.

आमचं घर नंदुरबारच्या जुन्या वस्तीत. वडिलांनी कुठल्याशा पाडलेल्या घराचं लाकूड स्वस्तात उचललं आणि त्यात हे उभं केलं. खाली विटांच्या भिंती, वर माडी, आणि मधे सागाच्या तुळयांवर ठोकलेल्या फळ्या. फळ्यांचे सांधे असे की खाली कोणी पंखा लावला तर वर पायाला गार लागतं. खाली मोठा भाऊ आणि वहिनी राहतात, वर आम्ही.

दादा नवापूरकडच्या शाळेत तीस वर्षं मास्तर होता. निवृत्त होऊन घरी आला तो पुस्तकी मराठी सोबत घेऊनच. सगळी गल्ली 'शे' म्हणते, दादा 'आहे' म्हणतो. वहिनींकडे पाणी मागतानाही तो फळ्यावर लिहिल्यासारखं मागतो. निवृत्तीनंतर लोक देवदेव करतात, शेती बघतात, नातवंडं खेळवतात. दादाने दुपारची झोप हे कार्य पत्करलं. एकला अंथरुणाला पाठ, चारला चहा. सरकारने तीस वर्षं पगार देऊन तयार केलेला माणूस शेवटी कशासाठी तयार केला, हे बघायचं असेल तर दुपारी दोन वाजता आमच्या घरी यावं.

आणि त्याच्या पलंगाच्या नेमकं वर, माडीच्या मधल्या खोलीत, माझ्या बायकोची तीन शिलाई मशिनं. मोटरवर चालणारी. आधी ती एकटी ब्लाऊज आणि फॉल-पिकोची कामं करायची, मग दोन बाया येऊ लागल्या. दोघी पूर्वी मिरचीचे देठ खुडायला जायच्या. तिने त्यांना शिवण शिकवलं. यंदा एका शाळेच्या गणवेशांचं काम मिळालं होतं. शाळा उघडायच्या आत द्यायचे होते. एवढं मोठं काम पहिल्यांदाच आलं होतं, आणि ते आल्यापासून ती जिना चढता-उतरताना कठडा धरत नव्हती.

मशिनं वर घरघरायची. पण फळ्यांतून खाली उतरेपर्यंत त्या घरघरीचा ढोल व्हायचा. दादाच्या पलंगाशेजारची भांड्यांची मांडणी थरथरायची. हे मी कबूल करतो. तेव्हा करत नव्हतो.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. धाकट्या भावाची बायको जेठाशी, म्हणजे थोरल्या दिराशी, बोलत नाही. भांडण नसतं, रीत असते. डोक्यावर पदर, नजर जमिनीकडे, आणि जे सांगायचं ते नवऱ्याच्या तोंडून. बावीस वर्षं त्या दोघांच्या मधलं तोंड म्हणजे मी. दादाचं बोलणं म्हणजे प्रस्तावना, विवेचन, उपसंहार. एवढं सगळं घेऊन कोण जिना चढणार? मी सारांश करायचो. दादा खाली पंधरा मिनिटं ध्वनिप्रदूषण या विषयावर बोलला, की मी वर जाऊन सांगायचो, "दादा म्हणे, जरा हळू."

बायको म्हणायची, "हळू कसं चालाडू? पायनं शे का ते? मोटर शे."

मी खाली येऊन सांगायचो, "ती बघते म्हणाली."

अशा रीतीने चार महिने मी घरात शांतता राखली. म्हणजे दोघांचीही अशी समजूत करून दिली की समोरचा मुद्दाम ऐकत नाही.

होळी झाली आणि दादाचा धीर संपला. जिन्याच्या पायथ्याशी उभा राहून तो मला म्हणाला, "अक्षय्य तृतीयेपर्यंत ही यंत्रं थांबली पाहिजेत. नाही तर ती या घरात राहणार नाहीत. वडिलांनी हे घर राहायला बांधलं, कारखान्याला नव्हे."

याचा सारांश करता आला नाही, कारण बायको जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी होती. तिने सगळं ऐकलं. उत्तर देता येत नव्हतं, म्हणून आत गेली. मी मागोमाग गेलो.

"काम परत करू का आते?" ती म्हणाली. "या दोन बायासले काय सांगू? जा परत देठ खुडाले?"

"आपण बाजारात गाळा बघू."

"देखा," ती म्हणाली आणि कातर उचलली. तिलाही ठाऊक होतं आणि मलाही, की बाजारातला गाळा आमच्या आवाक्यातला नाही. मशिनं घराबाहेर गेली की काम गेलं. आणि काम गेलं की ती पुन्हा एकटी फॉल लावत बसणार, हेही दोघांना दिसत होतं. ती कापत राहिली. मी तिथेच, एखादा कर्ता पुरुष उभा राहील तसा, उभा राहिलो.

मग मी मोबाइल उघडला. नंदुरबारमध्ये बावन्न वर्षं काढलेल्या माणसाला घरचा प्रश्न सोडवायला मोबाइलमधला लाल दाढीचा एक परदेशी सापडला. याला आपल्या घरात ढोल वाजवायचे होते. त्याने काय केलं, तर लाकडी जमिनीवर प्लास्टिकचा कागद पसरला, त्यावर रबरावर टेकलेल्या लाकडी पट्ट्या ठोकल्या, पट्ट्यांच्या मधे कोरडी वाळू भरली आणि वरून प्लायवूड. वाळू आवाज पिते, म्हणाला. वर त्याने ढोल बडवले, खाली त्याची बायको हातात कप धरून हसत होती. मी तो व्हिडिओ अकरा वेळा पाहिला. त्याच्या घरात जेठ नव्हता, फळ्यांना भोकं नव्हती आणि त्याचं पोट मिरचीवर चालत नव्हतं, यातलं काहीही माझ्या लक्षात आलं नाही.

धानोऱ्याच्या मिस्त्रीला बोलावलं. आमच्या गल्लीतलं निम्मं प्लास्टर त्याच्या हातचं. मी त्याला मोबाइल दाखवला. त्याने लांब धरून पाहिला.

"रेती?" तो म्हणाला. "भाऊ, रेती घरना खाले टाकतस. माडीवर कोन टाकस?"

मी त्याला ध्वनिलहरी समजावल्या. आवाज म्हणजे थरथर, वाळूचा कण न् कण घासतो, थरथर तिथेच जिरते, वगैरे. पाचवीत शाळा सोडलेल्या माणसाला हे झेपणार नाही याची मला खात्री होती, म्हणून मी सावकाश, मोठ्याने समजावलं. त्याने सगळं ऐकून घेतलं, तंबाखू थुंकून आला आणि म्हणाला, "ते लहरीनं माले काय समजत नही. पन वजन खालेच येस. खालना खोलीमा लोखंडी टेकू लावू देशात तर हात लावसू. नही तर दुसरा देखा."

टेकू लागला. दादाच्या पलंगाच्या उशाशी, बरोबर मधल्या तुळईखाली. दादाने त्यावर बोटाने टकटक केलं.

"हा खांब किती दिवस?"

"कायमचा," मी म्हणालो. "पण आवाज कायमचा बंद."

त्याने दुसऱ्या दिवशी त्यावर टॉवेल वाळत घातला. दादाची संमती मी यावरून धरली.

वाळू तापीची आली. ट्रॉली गल्लीत उलटली आणि ढिगाच्या बुडातून पाणी वाहून शेजाऱ्याच्या उंबऱ्यापर्यंत गेलं. लाल दाढीवाल्याची वाळू पिशव्यांतून आली होती, रव्यासारखी कोरडी. ही माझी वाळू नदीतून उठून थेट घरी आलेली. ओली भरली तर प्लायवूड कुजणार, फळ्या कुजणार. वाळवायला हवी. गल्लीत ऊन तासभर येतं, आणि तेवढ्या तासात गल्लीतली कुत्री ढिगावर येऊन बसत. आमच्या छपरावर पत्रे. मिस्त्री म्हणाला, "महिनाभर राहू द्या पडेल." आखाजीला, म्हणजे दादाच्या अक्षय्य तृतीयेला, महिना राहिला होता.

आणि इथे मला ती कल्पना सुचली. सबंध जिल्ह्यात ती फक्त मला सुचली.

मी एका मिरचीच्या व्यापाऱ्याकडे मेहता, म्हणजे हिशेबनीस, आहे. गावाबाहेर आमच्या शेटची पथारी आहे. पथारी म्हणजे उघड्या माळावर चोपून केलेली जमीन. हंगामभर तिच्यावर ओली लाल मिरची पसरायची, उलटायची, वाळवायची, पोत्यांत भरायची. हंगामात त्या रस्त्याने जाणारे पाहुणे तोंडाला रुमाल बांधतात, तरी शिंकतात. आम्ही त्यांना हसतो. मिरचीने शिंकणाऱ्या माणसाला आमच्या गावात कोणी मुलगी द्यायला बघत नाही, असं आम्ही पाहुण्यांना सांगतो. ते खोटं आहे; पण सांगताना छाती फुगते. मार्च सरत आलेला, शेवटचा माल उचललेला, पथारी रिकामी. वरून नुसती आग. वाळवणाला याहून चांगली जागा पृथ्वीच्या पाठीवर नाही.

शेट हसले. "मेहताजी, आते रेतीना बी सौदा करश्यात का?" पण हो म्हणाले.

वाळू पुन्हा ट्रॉलीत चढली आणि पथारीवर उतरली. तिथे एक म्हातारी असते, आयुष्य मिरची उलटण्यात गेलेली. ती बाभळीखाली बसून माझा उद्योग बघत होती. म्हणाली, "भाऊ, रेती टाकाना पहिले जागा झाडी तर ल्या."

"काय झाडायचं?" मी म्हणालो. "स्वच्छ तर आहे."

तिने जमिनीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि पुन्हा पदराने वारा घेऊ लागली. रोजंदारीवर मिरची उलटणारी बाई मला, म्हणजे खुर्चीवर बसणाऱ्या माणसाला, जमीन झाडायला सांगते, याची मला गंमत वाटली. ही गंमत मी शेटलाही सांगितली.

चार दिवस दाताळ्याने वाळू वरखाली केली. चौथ्या दिवशी ती मुठीतून झरझर पडायला लागली. माझा आनंद पोटात मावेना. फावड्याने खरवडून खरवडून भरली, कारण वाळू विकतची होती आणि मी एक कण सोडणार नव्हतो. तिच्यासोबत हंगामभराची साल, बी आणि भुकटीही आली, तीही मी सोडली नाही. वाळू जरा लालसर दिसत होती. मी म्हटलं, तापीची आहे, उन्हाने खुलली.

प्लास्टिकचा कागद आणायची वेळ आली तेव्हा मला लाल दाढीवाल्याची कीव आली. प्लास्टिकला घाम येतो, हे त्या बिचाऱ्याला ठाऊक नसणार. गोदामात फाटक्या बारदानाचा ढीग पडला होता, तागाच्या पोत्यांचा. फुकट, हवा खेळती, आणि देशी. मी दोन पदरी बारदान अंथरलं. त्या पोत्यांत काय भरलेलं होतं हे लिहायची गरज नाही.

बारदानावर लाकडी रिपा, रिपांखाली सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या, मधे वाळू. मिस्त्रीने पट्टी ओढून वाळू सपाट केली. वरून प्लायवूडचे ताव, स्क्रू. भिंतीकडेची फट बायकोने कपड्याच्या कात्रणांनी दाबून भरली. हे काम मात्र तिने फार मन लावून केलं. दोन्ही बायांनाही बसवलं. गुडघ्यांवर बसून तिघी भिंतीकडेने सरकत होत्या. माझी युक्ती लागू पडावी असं घरात फक्त तिलाच खरोखर वाटत होतं, हे तेव्हा मला दिसलं. मला स्वतःला फक्त शहाणा ठरायचं होतं.

मशिनं परत मांडली. मी खाली दादाच्या खोलीत जाऊन उभा राहिलो आणि वर हाक मारली. वर तिन्ही सुरू झाली, असं मागाहून कळलं. खाली काहीच कळलं नाही.

वहिनी म्हणाल्या, "लाइट गयी का?"

लाइट गेली नव्हती. त्या दिवशी दादा एकला झोपला आणि सव्वाचारला उठला, आणि चहाला पंधरा मिनिटं उशीर झाला म्हणून रागावला. पुढचे तीन दिवस माझ्याशी बोलणं म्हणजे शिक्षा होती. मी नात्यातल्या ग्रुपवर माझा स्वतःचा व्हिडिओ टाकला. लाल दाढीवाल्यासारखाच, हात हलवत. 'बारदान पद्धत' असं तिला नावही दिलं. मिस्त्रीला मुद्दाम बोलावून त्याला दादाच्या खोलीत उभं केलं. तो कान देऊन ऐकत राहिला, म्हणाला, "चांगलं शे," आणि नाक चोळत बाहेर गेला. त्याच्या नाक चोळण्याकडे मी पराभूत माणसाची लकब म्हणून पाहिलं.

चौथ्या दिवशी दुपारी दादा शिंकला.

एक नाही, ओळीने सात. मग थांबून पाच. संध्याकाळी डोळे लाल, नाकातून धार. दुसऱ्या दिवशीही तेच. त्याने आधी हवेला दोष दिला, मग पंख्याला, मग वहिनींच्या फोडणीला. वहिनींनी फोडणी बंद केली. नंदुरबारच्या घरात दोन दिवस उकडलेली खिचडी शिजली, बिनमिरचीची; वहिनी ती वाढताना दुसरीकडे बघत. डॉक्टरने गोळ्या दिल्या. गोळ्यांनी झोप यायची आणि शिंकेने मोडायची.

"नवापूरला मला असं कधीही झालं नाही," दादा म्हणाला.

मी मनात म्हटलं, होणार कसं? तीस वर्षं चांगल्या हवेत राहून माणूस नाजूक होतो. उघड मात्र मी त्याच्या पलंगावर बसलो, दोन्ही नाकपुड्या फुगवून खोल श्वास घेतला आणि जाहीर केलं, "इथे काही नाही." माझ्या नाकाला खरोखरच काही कळलं नाही. ते नाक आयुष्यभर मिरचीच्या गोदामात राहिलेलं. त्याची साक्ष काढायची म्हणजे आंधळ्याला रंग विचारायचा. पण घरात साक्षीदार म्हणून मीच उभा, कारण वर बायकोला आणि बायांना काही होत नव्हतं. प्लायवूडने वरून सगळं झाकलेलं. आणि झाकलेलं नसतं तरी त्या दोघींनी मिरचीत जन्म काढला होता.

ज्या माणसाकडे घरात कोणी काही विचारायला जात नाही त्या माणसाने, म्हणजे वहिनींनी, शोध लावला. रविवारी मशिनं बंद होती आणि रविवारी दादा एकदाही शिंकला नाही. हे त्यांनी ध्यानात ठेवलं. सोमवारी दादाला ओसरीवर बसवलं, पलंगावर त्याचं धुतलेलं पांढरं धोतर उलगडून पसरलं आणि स्वतः दारात तांदूळ निवडत बसल्या. वर काम सुरू झालं. तासाभराने त्यांनी मला हाक मारली. मी जेवायला घरी आलेलो होतो.

"भाऊ, याले बोट लावा."

धोतरावर गुलाबी झाक होती, दिसे न दिसेशी. मी बोट फिरवलं.

"आते चाखा."

मी चाखलं. आणि पोटापाण्याच्या सवयीने, काही विचार न करता, मिरचीची जात सांगून टाकली. कुठल्या तोडणीची तेही सांगितलं.

वहिनींनी नुसतं वर, तुळयांकडे पाहिलं.

मग मला सगळं एकदम दिसलं. वर तीन मोटरी थरथरतात, वाळू हलते, वाळूतली भुकटी खाली सरकते, बारदान ती गाळून बारीक करतं आणि फळ्यांचे सांधे ती एकसारखी पसरून खाली सोडतात. मी मोठ्या भावाच्या डोक्यावर मिरचीची चाळणी बांधली होती आणि ती हलवायला तीन बाया कामाला लावल्या होत्या.

दादाने हे ओसरीवरून ऐकलं. तो जिन्याच्या पायथ्याशी आला. हातात रुमाल, डोळे सुजलेले. आखाजी तीन दिवसांवर होती.

"आजच," तो म्हणाला. "यंत्रं आजच्या आज—" आणि शिंकला. "घराबाहेर—" पुन्हा शिंकला. तिसऱ्या खेपेला पुस्तकी मराठीने त्याची साथ सोडली. "काय करी टाकं रे तू हाई?" तो मला म्हणाला. माझ्या लहानपणानंतर पहिल्यांदा आमच्या बोलीत.

मी जिना चढायला लागलो. चढताना सारांश जुळवत होतो. वरच्या पायरीवर बायको उभी.

"दादा म्हणे की, जरा—"

"माले ऐकू येस," ती म्हणाली.

तिने पदर पुढे ओढला आणि मला बाजूला सारून खाली उतरली. चार पायऱ्या राहिल्या तिथे थांबली. कठड्यावर हात ठेवला.

"दादा," ती म्हणाली, "मशिनं बाहेर नको. मशिनं तुमना खोलीमा लयी येतस. तुम्ही वर चला."

बावीस वर्षांत तिने त्याच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. दादाने माझ्याकडे पाहिलं. त्याला ते माझ्याकडून ऐकायचं असावं.

"ती म्हणते," मी सुरू केलं.

"मी सांगी ऱ्हायनू ना," बायको म्हणाली. "तुम्ही चूप बठा."

मी पायरीवर बसलो.

"खाले जमीन पक्की शे," ती दादाला सांगत होती, नजर पायाकडे. "मशिन तठे चालनं तर वरनं काय हालाव नही. हालनं नही तर मिरची पडाव नही. जराशी पडनी तर आम्हना बायासले काय व्हस? आनि मधमा रेती शे. आवाज तुम्हले वर येवाव नही. झोपा सुखमा. माले हाई काम करू द्या."

शेवटचं वाक्य तिने हळू म्हटलं, पण ते सगळ्यांना ऐकू गेलं.

दादाने रुमालाची घडी घातली. मग म्हणाला, आणि तिच्याकडे न बघता तिलाच म्हणाला, "मी तर फक्त एक ते तीन बंद ठेवा असं कळवलं होतं. दिवसभर चालवायला मी कधी नाही म्हटलं?"

"कवय?"

"दिवाळीनंतर. आणि यंत्रांच्या पायांखाली जाड गोधडी घाला, हेही कळवलं होतं. चार वेळा."

बायकोने वळून माझ्याकडे पाहिलं. दादानेही पाहिलं. दारातून वहिनींनीही पाहिलं.

"माले सांगतात तर एक ते तीन बंद ठेवती मी," ती म्हणाली. "बाया तवय जेवतीसच."

मला तेव्हा जे वाटलं ते लिहिण्यासारखं नाही. ट्रॉलीभर वाळू, तापीपासून पथारीपर्यंत आणि पथारीपासून माडीपर्यंत, रिपा, प्लायवूड, खांब, सगळं दोन वाक्यांच्या जागी भरलेलं. ती वाक्यं मला लांब वाटली होती, म्हणून मी ती गाळली होती. मी काही तरी बोलायला तोंड उघडलं तर वहिनी म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या भाऊ."

दादाचा अजून एक मुद्दा होता. मोठ्याने खाली राहायचं, धाकट्याने वर, ही घराची रीत. आणि त्याचे गुडघे. तो ते मांडत होता तेवढ्यात वहिनी गादीची वळकटी बगलेत मारून बाहेर आल्या.

"रीत मंग देखा," त्या म्हणाल्या. "मी चालनी. वर वारा तरी शे." आणि दोघांच्या मधून जिना चढून गेल्या. दादा दहा मिनिटं खाली टिकला. मग एक उशी आणि वर्तमानपत्र घेऊन पायरी पायरी मोजत वर गेला.

मशिनं आखाजीच्या आदल्या दिवशी उतरवली. दोन्ही बायांनी एक बाजू धरली, मी आणि मिस्त्रीने दुसरी. मिस्त्रीला सगळं कळलेलं होतं. तो प्रत्येक पायरीवर थांबून, माझ्याकडे बघून, तोंड भरून हसत होता. मी ध्वनिलहरींबद्दल काही काढलं नाही. आखाजीला दादाची लेक सासरहून आली, आमरस आणि खापरावरच्या पोळ्या झाल्या, आणि दादाने त्या वरच्या खोलीत बसून खाल्ल्या, एकदाही न शिंकता, दोन वेळा मागून.

दुसऱ्या दिवशी काम सुरू व्हायचं होतं. एक वाजता दादा वर झोपला. खाली बायकोने गणवेशांचा कापलेला गठ्ठा उघडला, बायांना जागा दिल्या, आणि तिन्ही मशिनं एकदम सुरू झाली. खालची खोली घरघरीने भरून गेली. मी जिन्याच्या मधल्या पायरीवर जाऊन उभा राहिलो. वर कान, खाली डोळे. दादा उठला तर कळावं, काही निरोप निघाला तर न्यावा. पेढीवर जायचं होतं, तरी उभा होतो.

बायकोने पायाखालचं बटण सोडलं. तिचं मशीन थांबलं, बाकी दोन चालूच होती.

"तठे काय करी ऱ्हायनात?" ती म्हणाली.

"दादाला आवाज येतो का, बघतो."

"तुम्ही जा पेढीवर," ती म्हणाली आणि सुईखाली पुढची बाही सरकवली. "ते उठनात की मी इचारी लीसू."